चौकशीचें पुढें काय झालें?

गेल्या चातुर्मासांतील गोष्ट. नांदेडच्या जुन्या गांवांत, गोदावरीच्या घाटापासून फारशा दूर नसलेल्या आमच्या घरीं, रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर सर्व मंडळींनीं ओसरीवर जमण्याची चाल अद्याप मोडलेली नाहीं. तिघां भावांचें एकत्र कुटुंब असल्यामुळें बोलणाऱ्यांस तोटा नसतो आणि वादासहि नसतो. त्या रात्रीं आमची थोरली नात स्पर्धापरीक्षेसाठीं महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांची यादी मोठ्यानें पाठ करीत होती. यशवंतरावांपासून आरंभ करून ती शंकरराव चव्हाणांच्या नांवाशीं आली, तेव्हां आमचे वडील बंधू मान डोलावून म्हणाले, "हे आपले!" पुढें शिवाजीराव पाटील निलंगेकरांचें नांव येतांच आमच्या सूनबाई, ज्यांचें माहेर लातूरचें, आंतल्या दारांतून हळूच म्हणाल्या, "आणि हे आमचे!" मग विलासराव देशमुख आले, अशोकराव चव्हाण आले. दोन नांवें नांदेडचीं आणि दोन लातूरचीं. मराठवाड्यानें महाराष्ट्रास आजवर जे मुख्यमंत्री दिले ते सारे या दोनच जिल्ह्यांतले, हा हिशेब निघाला तेव्हां दोन्ही पक्ष खूष झाले.

नातीनें पुस्तक मिटलें नाहीं. ती म्हणाली, "आजोबा, या चौघांपैकीं तिघांच्या नांवांबरोबर पुस्तकांत कसली ना कसली चौकशी लिहिली आहे. राजीनामा दिला, आयोग नेमला, इथवर लिहिलें आहे. त्या चौकशीचें पुढें काय झालें?"

क्षणभर ओसरीवर कोणी बोललें नाहीं. आम्ही जन्मभर मास्तरकी केली. मुलानें प्रश्न विचारावा आणि आपल्यापाशीं उत्तर नसावें, हा प्रसंग आम्हांस नवा नव्हे. परंतु ज्या घटना आमच्या डोळ्यांदेखत घडल्या, ज्यांच्यावर आम्हीं याच ओसरीवर तासन् तास वाद घातले, त्यांचा शेवटच आपणांस सांगतां येऊं नये, याची त्या रात्रीं आम्हांस लाज वाटली. त्यानंतर कांहीं आठवडे जुने अंक, निकाल आणि अहवाल चाळण्यांत गेले. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. आम्ही कोणाचे वकील नव्हे आणि कोणाचे न्यायाधीशहि नव्हे. ज्याचा गुन्हा न्यायालयांत सिद्ध झालेला नाहीं त्यास आम्ही गुन्हेगार म्हणणार नाहीं. आमचा प्रश्न नातीचाच आहे, आणि तेवढाच आहे.

प्रथम त्या अभिमानाविषयीं दोन शब्द. आपल्या प्रांताचा इतिहास पाहिला तर तो अनाठायीं म्हणतां येत नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड काय आणि लातूर काय, दोन्ही मुलूख निजामाच्या राज्यांत होते. दरबारच्या कारभाराचा जाब विचारण्याची सोय तेथें रयतेस नव्हती. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी यांनीं जो लढा दिला, त्याचें एक मोठें फळ हें कीं, राज्यकर्त्यास 'असें कां केलें?' असें विचारण्याचा हक्क सामान्य माणसास मिळाला. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, आणि पुढें पंधरा वर्षांच्या आंत, १९७५ सालीं, ज्यांनीं आमच्या गांवचें नगराध्यक्षपद सांभाळलें होतें ते शंकरराव चव्हाण राज्याचे मुख्यमंत्री झाले. ज्यांच्या वाडवडिलांनीं कचेरीच्या पायरीवर उर्दू अर्ज लिहून घेण्यासाठीं अर्धा अर्धा दिवस काढला होता, त्यांना तो दिवस सोन्याचा वाटला असल्यास नवल तें काय?

परंतु याच अभिमानाच्या पोटीं एक दोष जन्मतो. 'आपला माणूस' म्हटला कीं त्यास प्रश्न विचारणें घरभेद्याचें काम वाटूं लागतें. जो हक्क मिळविण्यासाठीं एक पिढी तुरुंगांत गेली, तो हक्क दुसरी पिढी केवळ भिडेपोटीं खुंटीला टांगून ठेवते. ही भीड आमच्याहि घरीं होती आणि आहे, हें आम्ही आरंभींच कबूल करतों.

आतां पहिलें प्रकरण. शिवाजीराव पाटील निलंगेकर जून १९८५ मध्यें मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत मुंबई विद्यापीठाची वैद्यकाची एम.डी. परीक्षा झाली आणि तींत त्यांची कन्या बसली होती. तिला उत्तीर्ण करण्यासाठीं गुणांच्या कागदांत फेरफार झाला, अशी तक्रार घेऊन एक डॉक्टर मुंबई उच्च न्यायालयांत गेले. न्यायमूर्तींनीं मुख्यमंत्र्यांविषयीं प्रतिकूल शेरे लिहिले, आणि मार्च १९८६ मध्यें निलंगेकरांनीं राजीनामा दिला. अवघ्या नऊ महिन्यांत लातूरचें मुख्यमंत्रिपद गेलें, आणि त्या जागीं नांदेडचे शंकरराव दुसऱ्यांदा आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचलें. डिसेंबर १९८६ मध्यें त्याचा निकाल लागला, आणि सार्वजनिक जीवनांतील नीतीची पातळी खालावत चालली असल्याबद्दल न्यायालयानें त्यांत स्पष्ट चिंता व्यक्त केली. निलंगेकर त्यानंतरहि राजकारणांत राहिले, २००३ सालीं राज्याचे महसूलमंत्री झाले, आणि ५ ऑगस्ट २०२० रोजीं वृद्धापकाळीं निवर्तले.

या प्रकरणांतली एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. परीक्षेपासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत सुमारें सव्वा वर्ष लागलें. प्रश्न विचारला गेला, उत्तर मिळालें, आणि लोकांस विसरण्यास अवधी मिळण्यापूर्वींच मिळालें. अशी जलद गति पुढें क्वचितच दिसावयाची होती.

येथें आम्हांस स्वतःविषयीं एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ती आजवर आम्हीं घरांतहि कोणास सांगितली नव्हती. १९८६ च्या मार्चांत आम्ही एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. नोकरीला पांच वर्षेंहि झालीं नव्हतीं. शिक्षकांच्या खोलींत रोज वृत्तपत्र उघडलें जाई आणि वाढविलेल्या गुणांची चर्चा चाले. त्या चर्चेंत आमचा आवाज सर्वांत मोठा होता. पुढें एप्रिलांत वार्षिक परीक्षा झाली. आठवीच्या वर्गांत एका गिरणीकामगाराचा मुलगा पहिला येत होता. संस्कृताची त्याची उत्तरपत्रिका अशी होती कीं, तपासतांना आम्हीं लाल शाई दौतींतच ठेवावी. दुसरा येत होता तो शाळेच्या चालकांपैकीं एकाचा मुलगा. एके दिवशीं दुपारीं आम्हांस बोलावणें आलें. कोणी धमकी दिली नाहीं, कीं लालूच दाखविली नाहीं. "जरा उदारपणें पाहा," एवढेंच सांगण्यांत आलें. आम्हीं उदारपणें पाहिलें. सहा गुण वाढले आणि क्रम बदलला. पहिल्या येणाऱ्यास पुस्तकें आणि वर्षाची फी माफ असे. तीं दुसऱ्या घरीं गेलीं.

निकालाच्या दिवशीं तो गिरणीकामगाराचा मुलगा आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "गुरुजी, संस्कृतांत माझें काय चुकलें?" आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलें, "पुढच्या वर्षीं अधिक मेहनत कर." त्या वाक्याइतकें असत्य वाक्य आम्ही आयुष्यांत दुसरें बोललों नाहीं. या गोष्टीची चौकशी कधीं झाली नाहीं. म्हणून ती घडली नाहीं असें होत नाहीं.

हें सांगण्यांत राज्यकर्त्यांच्या दोषाचा भार हलका करण्याचा हेतु नाहीं. ज्याच्या हातीं सारें राज्य, त्याची जबाबदारी शाळामास्तराच्या शतपट आहे. परंतु 'उदारपणें पाहा' हें वाक्य मंत्रालयांत आणि शाळेंत सारखेंच उच्चारलें जातें, आणि तें ऐकणारा जो कोणी खालचा माणूस असतो त्याच्या होकारावांचून वरच्याचें काम होत नाहीं, हें आम्ही अनुभवानें जाणतों.

याचें उलट उदाहरण दुसऱ्या प्रकरणांत सांपडतें. बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांवकडच्या एका सावकारी कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्यांच्या तक्रारी होत्या. तें कुटुंब एका आमदाराचें. २००६ सालीं, लातूरचे विलासराव देशमुख मुख्यमंत्री असतां, त्यांच्या कार्यालयांतून पोलीस ठाण्यास दूरध्वनी गेला, कीं या कुटुंबाविरुद्ध गुन्हा नोंदवूं नये. ठाण्यावरच्या कोणा एका कर्मचाऱ्यानें तो निरोप आपल्या स्टेशन डायरींत लिहून ठेवला. एवढेंच त्यानें केलें. पण शेतकरी न्यायालयांत गेला तेव्हां तीच ओळ पुरावा झाली. १४ डिसेंबर २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या हस्तक्षेपाबद्दल कडक शब्दांत नापसंती दर्शविली आणि महाराष्ट्र सरकारवर १० लाख रुपयांचा दंड बसविला. विलासराव त्या वेळीं केंद्रांत मंत्री होते आणि मंत्रीच राहिले. आतां दंड सरकारवर, म्हणजे सरकारी तिजोरीवर. आणि ती तिजोरी ज्यांच्या करांनीं भरते त्यांत तो तक्रारदार शेतकरीहि आला. न्याय मिळाला हें खरें, पण त्याची किंमत कोणी चुकती केली, हें नातीस समजावतांना आमची जीभ अडखळली.

तिसरें प्रकरण आमच्या अगदीं अंगणांतलें. ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा निवडणुकींत मुख्यमंत्री अशोकराव चव्हाण नांदेड जिल्ह्यांतील भोकर मतदारसंघांतून उभे होते. त्या दिवसांत 'अशोकपर्व' अशा मथळ्याखालीं त्यांच्या कारभाराचा गौरव करणारा पानेंच्या पानें मजकूर वृत्तपत्रांतून आला. तो आम्हीहि सकाळच्या चहाबरोबर वाचला, आणि 'पाहा, किती काम केलें!' असें बंधूंस म्हटलेंहि. पुढें पत्रकार पी. साईनाथ यांनीं दाखवून दिलें कीं, परस्परांच्या स्पर्धक अशा वृत्तपत्रांत कांहीं मजकूर शब्दशः एकच होता. निवडणूक खर्चाच्या हिशेबांत मात्र वृत्तपत्रांतील जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये दाखविलेला होता. त्या वेळीं विधानसभेच्या उमेदवारास खर्चाची मर्यादा १० लाखांची होती. पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनीं निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. हा मजकूर वृत्तपत्रांनीं आपण होऊन छापला, आमचा त्याच्या खर्चाशीं संबंध नाहीं, असें चव्हाणांचें म्हणणें होतें.

पुढें काय झालें? आयोगास अशी चौकशी करण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, याच प्रश्नावर प्रकरण वर्षानुवर्षें अडलें. ५ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं अधिकार आहे. जुलै २०१४ मध्यें आयोगानें हिशेब योग्य रीतीनें दिला नसल्याचें ठरविलें. सप्टेंबर २०१४ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें आयोगाचा तो निर्णय रद्द केला. पुढच्याच महिन्यांत नवी विधानसभा निवडली गेली. म्हणजे ज्या निवडणुकीविषयीं प्रश्न होता, तिच्यांतून निर्माण झालेली विधानसभा आपला काळ पुरा करून गेली, आणि मगच उत्तर आलें. पीक कापून झाल्यावर पंचनामा व्हावा, त्यांतला हा प्रकार.

आतां सर्वांत मोठें प्रकरण, आदर्श सोसायटीचें. मुंबईंत कुलाब्यास समुद्राजवळ ३१ मजल्यांची इमारत उभी राहिली. तींतील सदनिका सैनिकांसाठीं, कारगिलच्या वीरांच्या कुटुंबांसाठीं, असा लोकांचा समज होता. त्या राजकारणी, अधिकारी आणि त्यांचे नातलग यांच्याकडे गेल्याचें उघड झालें, आणि देशभर संताप उसळला. यांतील बरेच कागद माहितीच्या अधिकाराखालीं अर्ज करून नागरिकांनीं बाहेर काढले होते, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. अशोकराव चव्हाणांच्या नातलगांस तेथें सदनिका मिळाल्या होत्या, आणि ते पूर्वीं महसूलमंत्री असतां सोसायटीस दिलेल्या मंजुऱ्यांचा त्याच्याशीं संबंध जोडला गेला. आरोप त्यांनीं नाकारला. तथापि नोव्हेंबर २०१० मध्यें त्यांस मुख्यमंत्रिपद सोडावें लागलें.

यापुढचा प्रवास आम्हीं नातीच्या वहींत तारखांसकट लिहून घेतला आहे. जानेवारी २०११ मध्यें राज्य सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति जे. ए. पाटील आणि माजी मुख्य सचिव पी. सुब्रह्मण्यम् यांचा चौकशी आयोग नेमला. त्याच महिन्यांत केंद्रीय अन्वेषण विभागानें, ज्यास लोक सीबीआय म्हणतात, गुन्हा नोंदविला, आणि जुलै २०१२ मध्यें आरोपपत्र ठेविलें. एप्रिल २०१२ मधील आयोगाच्या अंतरिम अहवालानें सांगितलें कीं, जमीन राज्य सरकारची होती आणि ती कारगिलच्या वीरांसाठीं राखीव नव्हती. अंतिम अहवाल एप्रिल २०१३ मध्यें सरकारच्या हातीं पडला, पण विधिमंडळापुढें आला तो २० डिसेंबर २०१३ रोजीं, आणि येतांना मंत्रिमंडळाच्या नकारासह आला. त्या अहवालानें २५ सभासद अपात्र ठरविले होते, २२ सदनिकांचे व्यवहार बेनामी म्हटले होते, आणि ज्या माजी मुख्यमंत्र्यांवर ठपका ठेविला होता त्यांत आमच्या या दोन जिल्ह्यांतील तिघांचीं नांवें होतीं. विलासराव तोंवर वारले होते. १४ ऑगस्ट २०१२ रोजीं त्यांचें निधन झालें. आपल्यावरील ठपका वाचण्यास आणि त्यास उत्तर देण्यास ते उरले नव्हते. गवगवा झाल्यावर जानेवारी २०१४ मध्यें सरकारनें अहवालाचा कांहीं भाग स्वीकारला.

दुसरीकडे खटल्याची कथा. लोकसेवकावर अधिकाराच्या कामासंबंधानें खटला चालवावयाचा तर कायद्यानें वरिष्ठाची परवानगी लागते, आणि मुख्यमंत्र्याच्या बाबतींत ती राज्यपालांनीं द्यावयाची. डिसेंबर २०१३ मध्यें त्या वेळच्या राज्यपालांनीं ती नाकारली. चव्हाणांचें नांव वगळूं द्या, असा सीबीआयचाच अर्ज न्यायालयांत गेला; नोव्हेंबर २०१४ मध्यें उच्च न्यायालयानें त्यास नकार दिला. केंद्रांत आणि राज्यांत सरकारें बदललीं, राज्यपाल बदलले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्यें नव्या राज्यपालांनीं तीच परवानगी दिली. २२ डिसेंबर २०१७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें ती रद्द केली. कारण असें कीं, पहिल्या नकारानंतर न्यायालयांत टिकेल असा नवा पुरावा सीबीआयनें पुढें आणला नव्हता, आणि आयोगाचा अहवाल हा खटल्यांतील पुरावा होऊं शकत नाहीं. इमारतीविषयीं म्हणाल तर २०११ सालीं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानें आणि एप्रिल २०१६ मध्यें उच्च न्यायालयानें ती पाडण्यास सांगितलें. जुलै २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पाडण्यास स्थगिती दिली.

या कथेस आणखी एक पान आहे. ८ फेब्रुवारी २०२४ रोजीं केंद्र सरकारनें संसदेंत एक श्वेतपत्रिका ठेविली. मागील राजवटींतील घोटाळ्यांत तींत 'आदर्श'चा उल्लेख होता. त्यानंतर पांचच दिवसांनीं, १३ फेब्रुवारीस, अशोकराव चव्हाण काँग्रेस सोडून त्या सरकारच्या पक्षांत, भारतीय जनता पक्षांत, गेले आणि राज्यसभेचे सभासद झाले. आमच्या ओसरीवर त्या दिवशीं दोन तट पडले. जे आजवर आरोप करीत होते ते गप्प झाले, आणि जे बचाव करीत होते ते आरोप करूं लागले. पुरावा मात्र पहिल्या दिवशीं होता तेवढाच होता. एका दिवसांत माणसांचीं मतें बदललीं, कागद एकहि बदलला नव्हता. आम्हांस वाटतें, साऱ्या प्रकरणांत लोकांनीं विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे.

चौकशी अशी वाळून कां जाते? पहिलें कारण असें कीं, लोक ज्यास चौकशी म्हणतात त्या दोन भिन्न वस्तु आहेत. १९५२ च्या कायद्याखालीं नेमलेला चौकशी आयोग सत्य शोधून सरकारास सांगतो. शिक्षा करण्याचा अधिकार त्यास नाहीं, आणि त्याचा अहवाल मानणें सरकारवर बंधनकारक नाहीं. शिक्षा होते ती फौजदारी खटल्यांत, आणि तेथें पुरावा नव्यानें सिद्ध करावा लागतो. आयोग नेमला कीं लोक समाधान पावतात आणि घरीं जातात. दुसरें कारण परवानगीचें. खोट्या तक्रारींपासून प्रामाणिक अधिकाऱ्याचें रक्षण व्हावें म्हणून ही तरतूद आहे, आणि ती सर्वस्वीं वाईट नाहीं. पण त्याच कागदावर एका राज्यपालाची 'नाहीं' आणि दुसऱ्याची 'होय' पडूं लागली म्हणजे लोकांचा विश्वास उडतो. तिसरें कारण काळ. साक्षीदार म्हातारे होतात, आरोपी मरतात, अधिकारी निवृत्त होतात. आणि चौथें कारण आम्ही, म्हणजे ओसरीवर बसणारे लोक. आम्हांस पहिला दिवस आठवतो, शेवटचा आठवत नाहीं.

संस्कृताच्या अभ्यासकास येथें कौटिल्याची आठवण होणें साहजिक आहे. त्याच्या अर्थशास्त्रांत सरकारी द्रव्य गिळंकृत करण्याचे चाळीस प्रकार मोजून दिले आहेत, हें बहुतेकांस ठाऊक असतें. त्यापुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाहीं. अधिकाऱ्याची चौकशी सुरू झाली कीं, ज्यांचें त्यानें नुकसान केलें असेल त्यांनीं पुढें येऊन सांगावें, अशी दवंडी पिटण्यास तो सांगतो, आणि पुढें येणाऱ्यांचें झालेलें नुकसान भरून देण्यास सांगतो. अपहाराची खबर देऊन ती सिद्ध करणाऱ्यास त्या द्रव्याचा सहावा हिस्सा, आणि तो नोकर असल्यास बारावा, असें बक्षीस आहे. खबर सिद्ध न झाल्यास शासनहि आहे. म्हणजे चौकशी उघड असावी, तींत लोकांचा भाग असावा, तिला शेवट असावा, आणि खोट्या आरोपासहि किंमत मोजावी लागावी. दोन हजार वर्षांपूर्वींच्या या विचारांत आजच्या कायदेपंडितांनीं घेण्याजोगें पुष्कळ आहे.

आणि शेवट हवा तो केवळ दोषीस शिक्षा व्हावी म्हणून नव्हे. जो खरोखर निर्दोष असेल त्याच्यावरहि अर्धवट चौकशी अन्याय करते. त्यास कोणी दोषी ठरवीत नाहीं आणि कोणी निर्दोषहि म्हणत नाहीं. नातवंडांच्या पाठ्यपुस्तकांत त्याच्या नांवापुढें 'चौकशी' हा शब्द तसाच लोंबत राहतो. निवडून आल्यानें तो पुसला जात नाहीं, पक्ष बदलल्यानें धुतला जात नाहीं.

मग आपल्यासारख्या कुटुंबांनीं काय करावें? मोर्चे काढण्याचें आमचें वय नाहीं. परंतु प्रत्येक घरांत वही असते, तींत दूधवाल्याचा हिशेब असतो. तशीच एक वही या कामासाठीं असावी. प्रकरण कोणतें, कोणापुढें चाललें आहे, पुढची तारीख कोणती, निकाल काय, असे चार रकाने पुरे होतात. अडलें तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे. त्यास १० रुपये फी पडते आणि साधारणतः ३० दिवसांत उत्तर मिळावें असा २००५ चा कायदा आहे. निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या प्रत्येकास आपल्यावरील खटले आणि आपली मालमत्ता शपथपत्रांत लिहून द्यावी लागते. तें शपथपत्र सर्वांस पाहतां येतें. लग्न जुळवितांना आपण सात पिढ्यांची माहिती काढतों; मत देण्यापूर्वीं हीं चार पानें घरांतील मुलांकडून मोठ्यानें वाचून घेण्यास कितीसा वेळ लागणार? आणि उमेदवार दारीं आला म्हणजे वडिलधाऱ्यांनीं त्यास चहा अवश्य द्यावा, पण चहाबरोबर हा प्रश्नहि द्यावा. तो नांदेडचा असो कीं लातूरचा, आपल्या जातीचा असो कीं नसो.

आमच्या घरीं अशी वही सुरू झाली आहे. हा लेख लिहावयास घेण्यापूर्वीं एका रात्रीं आम्हीं १९८६ ची ती सहा गुणांची गोष्ट मंडळींस सांगितली. कोणी कांहीं बोललें नाहीं. बंधूंनीं पानाचा डबा पुढें ओढला आणि तसाच मागें सारला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों नातीनें वहीच्या पहिल्या पानावर, सर्व मुख्यमंत्र्यांच्या आधीं, आमची नोंद करून ठेवली होती: आठवीचा वर्ग, संस्कृत, सहा गुण. निकालाचा रकाना तिनें कोरा सोडला होता.

तो विद्यार्थी आतां पन्नाशी ओलांडून गेला असेल. जुन्या विद्यार्थ्यांकडून त्याचा पत्ता आम्हीं मिळविला आहे आणि त्यास पत्र लिहिलें आहे. संस्कृतांत तुझें कांहींहि चुकलें नव्हतें, एवढेंच त्यांत आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. येईल तेव्हां तारखेसह वहींत लिहूं.